वगळलेली मागणी : घरकुलाची गळकी खिडकी

तहसील कचेरीवर न्यावयाच्या निवेदनाचा मसुदा पक्का करण्यासाठी पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या तालुक्यातील कार्यकर्त्यांची बैठक भरली होती. पीकविमा, ऊसतोडीचे दर, शाळांतील रिकाम्या जागा, वस्त्यांचे रस्ते अशा दहा मागण्या एकमताने संमत झाल्या. अकरावी मागणी एका वस्तीवरून आलेल्या दोन बायांनी मांडली. घरकुलांच्या खिडक्यांतून पावसाचे पाणी आत येते, भिंती फुगल्या आहेत, सरकारने दुरुस्ती करून द्यावी, एवढीच ती मागणी होती. एका तरुण साथीने हसून विचारले, "आता मोर्चात खिडक्याही घ्यायच्या का?" सभेत हशा पिकला, अध्यक्षांनी वेळेचे कारण सांगितले आणि मागणी वगळली गेली. मी त्या हशात सामील झालो नाही, परंतु गप्प मात्र राहिलो. चाळीस वर्षे ज्याने वर्गात अर्थशास्त्र शिकविले, त्याने अशा वेळी गप्प राहणे हा गुन्हाच होय. त्या गुन्ह्याची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे.

बैठकीनंतर आठवड्याने मी त्या वस्तीवर गेलो. माजलगाव तालुक्यात, सिंदफणेच्या खोऱ्यातील काळ्या रानात वसलेली ती वीस-बावीस घरांची वस्ती आहे. बहुतेक कुटुंबे ऊसतोडीला जाणारी. ज्या बाईने मागणी मांडली होती तिच्या घरात मी शिरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि आत अंधार होता. पश्चिमेच्या खिडकीच्या जागी विटा रचून त्या मातीने लिंपून टाकलेल्या होत्या. मी विचारले, तर ती म्हणाली, "सर, आधी गोणपाट लावलं, मग पत्रा ठोकला, मग इटा लावून टाकल्या. आता पाणी येत न्हाई, आन् उजेड बी येत न्हाई." तिची दहावीतली मुलगी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसली होती, कारण अक्षर दिसण्याजोगी घरात तेवढीच जागा होती. गॅसची टाकी होती, पण रिकामी; स्वयंपाक चुलीवर चाललेला आणि धूर कोंडलेला. भिंतीला कंबरेपर्यंत लोणा चढून गिलाव्याचे पोपडे सुटले होते.

विटा लावण्यापूर्वी काही इलाज केला होता का, असे मी विचारले. तिच्या नवऱ्याने सांगितले की तीन वर्षांपूर्वी खिडकीभोवती नवा गिलावा केला होता. पैसे कोठून आणले? त्या साली मुकादमाकडून जादा उचल घेतली, त्यातून. गिलावा दोन पावसाळे टिकला आणि सुटला. उचल मात्र सुटली नाही. ती पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढली.

या एका वाक्यात सारा प्रश्न सामावलेला आहे. गळकी खिडकी हा ज्यांना मोर्चात घेण्याच्या लायकीचा विषय वाटत नाही, त्यांनी ऊसतोडीचे दर हा विषय मात्र निवेदनात पहिल्या क्रमांकावर घेतला आहे. दोहोंमधला धागा त्यांना दिसलेला नाही. दराची घासाघीस करण्याची मजुराची ताकद उचलीने खच्ची होते, हे आपण प्रत्येक अभ्यासवर्गात सांगतो. परंतु उचल कशासाठी घ्यावी लागते, असे विचारले की आपण लग्न, दवाखाना आणि व्यसन या तीन शब्दांवर थांबतो. पावसाळ्यापूर्वी घर उभे ठेवण्याचा खर्च ही चौथी बाब आपल्या यादीत नाही.

ऊसतोडीचे वर्ष कसे चालते ते पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता गावाबाहेर पडतो. घराला कुलूप लागते. पश्चिम महाराष्ट्रातला किंवा कर्नाटकातला हंगाम आटोपून गुढीपाडव्याच्या आगेमागे माणसे परत येतात. घराची दुरुस्ती करावयाची तर ती चैत्र-वैशाखात, भिंती वाळलेल्या असताना, मृगाच्या आत करावी लागते. नेमक्या त्याच दोन महिन्यांत हाती रोकड नसते, कारण हंगामाची मजुरी आधीच घेतलेल्या उचलीत वळती झालेली असते. रोकड येते ती पावसाळा संपताना, पुढच्या उचलीच्या रूपाने. आणि तेव्हा घर सोडून जाण्याची वेळ झालेली असते. याचा अर्थ, दुरुस्तीची गरज आणि दुरुस्तीचा पैसा यांची गाठ वर्षातून एकदाही पडत नाही. ती पाडावयाची तर एकच माणूस मध्ये उभा असतो आणि तो म्हणजे मुकादम. म्हणून मी म्हणतो की खिडकीतून येणारे पाणी घरात मुरते त्याहून अधिक मजुरीच्या दरात मुरते.

आता ही खिडकी गळते का, हे समजून घेतले पाहिजे. यात तांत्रिक गूढ काही नाही. कोणताही जाणता गवंडी हे सांगू शकतो. खिडकीत पाणी चार वाटांनी येते. पहिली वाट वरची. खिडकीवर छज्जा नसेल तर भिंतीवरून ओघळणारे पाणी लिंटलच्या कडेवरून आत वळते. छज्जा दीड फूट तरी पुढे, खिडकीच्या दोन्ही अंगांना वीतभर जास्त आणि बाहेरच्या बाजूला उतरता हवा. त्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन बोटे आत, लांबीभर एक खाच ठेवतात. पाणी खालून वळून भिंतीकडे येऊ लागले की त्या खाचेशी तुटून खाली पडते. या खाचेला खर्च जवळजवळ नाही, गवंड्याची पाच मिनिटे एवढाच.

दुसरी वाट खालची. खिडकीच्या तळाची फरशी सपाट बसविली किंवा तिचा उतार आत गेला, तर तिच्यावर पडलेला प्रत्येक थेंब घरात येतो. शहाबादी फरशीचा तुकडा बाहेर उतार देऊन, भिंतीच्या दोन बोटे पुढे काढून बसविला की ही वाट बंद होते. तिसरी वाट चौकट आणि भिंत यांच्या सांध्याची. लाकडी चौकट उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते, लोखंडी चौकट गंजते आणि सिमेंट दोहोंपासून सुटते. हा सांधा खरवडून, साफ करून खोलवर माल भरावा लागतो आणि वरची अरुंद फट ताणली जाईल अशा लवचीक लांबीने बंद करावी लागते. पूर्वीचे सुतार काचेभोवती खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांची लांबी वापरत; आज बाजारात सिलिकॉनच्या नळ्या मिळतात.

चौथी वाट सर्वांत महत्त्वाची, कारण तिचे मूळ खिडकीत नाहीच. गोदावरी-सिंदफणेच्या पट्ट्यातील काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचे घर बांधले की ते दरवर्षी उचलले जाते आणि खचते. भिंत जेथे दुबळी तेथे ती तडकते, आणि खिडकीसाठी भोक पाडल्यामुळे भिंतीची दुबळी जागा म्हणजे खिडकीचा कोपरा. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी वर किंवा खाली गेलेली भेग ज्या घरात दिसेल, तेथे खिडकीला दोष देण्यात अर्थ नाही. पाया बोलत असतो. अशी भेग नुसत्या सिमेंटने बुजविली की पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. त्या बाईच्या घरी नेमके हेच झाले होते. तेथे आधी जोत्याभोवती पाणी साचणार नाही अशी उताराची फरसबंदी करावी लागते, भेग रुंद कापून, जाळी ठोकून भरावी लागते आणि मगच गिलावा.

कोणत्या वाटेने पाणी येते हे ओळखण्याची रीतही सोपी आहे. कोरड्या दिवशी बाहेरून तांब्याने पाणी ओतावे. प्रथम फक्त तळाच्या फरशीवर, मग थोडे थांबून बाजूच्या सांध्यांवर, मग वरच्या कडेवर. खालून वर जावयाचे, म्हणजे पाणी जेथे प्रथम आत दिसेल तेथे दोष सापडतो. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही. आणि इलाज बाहेरून करावयाचा असतो. आतून लावलेला गिलावा पाणी अडवीत नाही, फक्त काही दिवस लपवितो.

इतके सोपे ज्ञान गवंड्याजवळ असताना घरकुलाच्या खिडकीला छज्जा का नसतो? याचे उत्तर गवंड्यापाशी नाही, अंदाजपत्रकात आहे. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली. तिच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली, तेव्हा घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर व सपाट प्रदेशातील घरासाठी साहाय्य १ लाख २० हजार रुपये ठरले. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. भागाकार केला तर दर चौरस फुटाला साधारण ४४६ रुपये पडतात. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार रुपये वेगळे होते, हे मी विसरलेलो नाही. ते धरूनही बीड शहरातला कोणता ठेकेदार त्या दराला हात लावील? पुढे २०२४ मध्ये योजनेला मुदतवाढ देताना केंद्र सरकारने हाच आकडा कायम ठेवला. आठ वर्षांत सिमेंट, लोखंड, वाळू आणि गवंड्याचा रोज जणू जागच्या जागी थिजलेला होता! २०२५ मध्ये राज्य सरकारने नव्या टप्प्यातील घरांसाठी आपली भर घातली, हे खरे. परंतु त्याआधी बांधली गेलेली घरे त्यामुळे कोरडी होत नाहीत.

पैसा अपुरा पडला की कुटुंब काय करते? पाया एक वीत उथळ घेते. भिंत सडपातळ करते. आणि जे केल्याने घर आज पडणार नाही ते सर्व कमी करते. छज्जा, फरशीचा उतार, जोत्याभोवतीची फरसबंदी या साऱ्या त्या प्रकारच्या गोष्टी आहेत. त्या गाळल्याने घर उभे राहते, हप्ता मिळतो, यादीत ते पूर्ण म्हणून नोंदले जाते. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांच्या छायाचित्रांवर दिले जातात. पाया झाला, छायाचित्र. भिंती उठल्या, छायाचित्र. छत पडले, छायाचित्र. शेवटचे छायाचित्र कोरड्या दिवशी, दर्शनी बाजूने घेतले जाते. त्यात घरमालकीण दिसते, योजनेची पाटी दिसते. गळती दिसत नाही, कारण गळती पाऊस पडल्यावर होते आणि तोवर दफ्तर बंद झालेले असते.

एका अधिकाऱ्यापाशी मी हा विषय काढला होता. गृहस्थ सज्जन होते. त्यांचे म्हणणे असे की योजनेच्या नियमानुसार घर लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे असते, ठेकेदाराला बंदी आहे. तेव्हा बांधकामातला दोष लाभार्थ्याचा व दुरुस्तीही त्याचीच. या युक्तिवादाला वरवर पाहता तोड नाही. ठेकेदाराला बंदी असणे योग्यच आहे. पण ज्या कुटुंबाला वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर उसाच्या फडात काढावे लागतात, ते बांधकामावर देखरेख कशी ठेवणार? नेमके बांधकामाला सोयीचे कोरडे महिने ते कोपीत राहून दुसऱ्याचा ऊस तोडीत असते. घर बांधतो तो चुलतभाऊ किंवा गावातला गवंडी, मिळेल त्या मालात आणि होईल त्या घाईत. जबाबदारी लाभार्थ्याच्या नावाने लिहून ठेवावयाची आणि ती पार पाडण्याची परिस्थिती मात्र त्याला द्यावयाची नाही, याला स्वावलंबन म्हणत नाहीत.

आणि दुरुस्ती ही खाजगी बाब आहे, हे तत्त्व तरी हे राज्य सर्वांना सारखे लावते काय? आयकराच्या कायद्याकडे पाहा. ज्याला घरभाड्याचे उत्पन्न आहे त्याला निव्वळ वार्षिक मूल्याच्या ३० टक्के रकमेची सरसकट वजावट मिळते. वर्षभरात दुरुस्तीला त्याने एक पैसाही लावला नसला तरी मिळते. कारखानदाराला यंत्राच्या झिजेसाठी घसारा मिळतो. मालमत्ता झिजते आणि ती झीज भरून काढण्याचा खर्च समाजाने मान्य केला पाहिजे, हे तत्त्व भांडवलाच्या बाबतीत निर्विवाद मानले जाते. घरकुल मात्र झिजत नाही असे गृहीत आहे! अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आपण स्थूल गुंतवणूक आणि निव्वळ गुंतवणूक यांतला फरक शिकवितो. घरकुलांचे सरकारी आकडे केवळ स्थूल आहेत. दरवर्षी किती घरे बांधली ते जाहीर होते. बांधलेल्यांपैकी किती राहण्याजोगी उरली ते कोणी मोजीत नाही.

हिशेबातली आणखी एक गंमत सांगतो. मालक स्वतः राहतो त्या घराचेही मानीव भाडे राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. म्हणजे त्या वस्तीवरची गळकी घरेसुद्धा देशाच्या उत्पन्नात आपली भर घालीत असतात. परंतु पावसाच्या झडीत रात्रभर जागून परात रिकामी करणारी, धान्याचे पोते कोरड्या कोपऱ्यात ओढणारी, ओल्या गोधड्या सकाळी पिळणारी जी बाई ते घर राहण्याजोगे ठेवते, तिचे श्रम त्या उत्पन्नात कोठेही नाहीत. घर मोजले जाते. ते कोरडे ठेवणारे हात मोजले जात नाहीत.

दुरुस्तीची सार्वजनिक जबाबदारी ही कल्पना या राज्याला नवी नाही. मुंबईतल्या जुन्या चाळी दर पावसाळ्यात कोसळू लागल्या आणि भाडेकरूंचा रेटा वाढला, तेव्हा १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. इमारतींवर उपकर बसविण्यात आला आणि खाजगी मालकीच्या इमारतींची दुरुस्ती सार्वजनिक मंडळाने करावयाची, हे मान्य झाले. त्या मंडळाच्या कारभारावर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु तत्त्व मान्य झाले ते झालेच. गिरगावच्या चाळीची गळती हा सार्वजनिक प्रश्न ठरतो आणि माजलगावच्या घरकुलाची गळती लाभार्थ्याचा निष्काळजीपणा ठरतो, याचे कारण पाण्यात नाही. चाळकऱ्यांची संघटना होती. घरकुलांत राहणाऱ्यांची संघटना आपण अद्याप केलेली नाही.

आता आपल्या तरुण साथीच्या हसण्याकडे वळतो. तो हसला त्यामागे एक सैद्धांतिक भूमिका आहे, हे मी जाणतो. एंगल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना असे प्रतिपादन केले की समाजरचना तीच ठेवून घरांचा प्रश्न तेवढा सोडवू पाहणे हा भ्रम आहे. हे आपण सर्वांनी वाचलेले आहे. तेव्हा खिडक्या दुरुस्त करीत बसणे म्हणजे सुधारणावाद, असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. पण याच एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात मँचेस्टरच्या कामगारवस्त्यांचे वर्णन करताना गटारे, तळघरे, ओल, इतकेच नव्हे तर फुटक्या व कशाने तरी सांधलेल्या खिडक्यांचीही नोंद घेतली. ती नोंद त्याला क्षुद्र वाटली नाही. ज्याने घरोघर जाऊन ओल पाहिली होती त्यालाच पुढे घरांच्या प्रश्नावर अधिकाराने लिहिता आले. आपण मात्र निष्कर्ष पाठ केले आणि घरोघर जाणे सोडून दिले.

शिवाय, खिडकी ही काही केवळ सोय नव्हे. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. तो चुकविण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजविल्या आणि उजेड व हवा यांना पारखे झाले. त्या कराची आज जगभर टवाळी होते. परंतु आपल्या जिल्ह्यात गळतीने तीच खिडकीपट्टी बसविलेली आहे. ती भरावयाची नसेल तर खिडकी बुजवा, हाच तिचा नियम. बुजविलेल्या खिडकीमागे चुलीचा धूर कोंडतो, ओल वाळत नाही, खोकला हटत नाही, मुलीला अभ्यासाला उंबरा गाठावा लागतो. आरोग्य आणि शिक्षण या मागण्या निवेदनात ठेवून खिडकीची मागणी वगळणे म्हणजे फांदी ठेवून बुंधा वगळणे होय.

बीड हा दुष्काळी जिल्हा, येथे गळतीचे कसले कौतुक, असेही कोणी म्हणेल. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर आहे, हे खरे. पण तो पाऊस शहाण्यासारखा वाटून पडत नाही. महिना महिना कोरडा जातो आणि मग दोन दिवसांत वाऱ्यासह कोसळतो. जून-जुलैची झड पश्चिमेच्या भिंतीला झोडपते. परतीचा पाऊस उलट बाजूने येतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तिच्यात उभी पिके गेली, जमिनी खरवडून गेल्या. पुरात पडलेल्या घरांचे पंचनामे झाले. ज्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या पण आतून भिजून पोकळ झाल्या, त्यांचा पंचनामा कोणत्या रकान्यात करावयाचा? मे महिन्यात टँकरमागे घागर घेऊन धावणारी बाई सप्टेंबरात तेच पाणी घरातून उपसते, हा निसर्गाचा विनोद नव्हे. पाणी अडविण्याची जागा आणि पाणी येऊ न देण्याची जागा, दोन्ही ठिकाणी सार्वजनिक गुंतवणूक झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या काळाची महती गाण्याचा माझा हेतू नाही. माळवदाच्या घरांना हात-दोन हात रुंदीच्या भिंती असत आणि खिडकी त्यांत खोल बसविलेली असे. भिंतीची जाडीच छज्ज्याचे काम करी. माळवदावर दरवर्षी पावसाआधी पांढरी माती टाकण्याचा परिपाठ होता. दुरुस्ती हा वर्षाच्या कामाचाच भाग होता. परंतु ती माळवदे कुळवाड्यांची आणि वाडेवाल्यांची. गावकुसाबाहेरच्या खोपटांना ना तशी भिंत होती ना तशी खिडकी. सुताराचे कामही बलुत्याच्या, म्हणजे जातीच्या बंधनाने बांधलेले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात त्याच जड भिंती व माळवदे अंगावर येऊन हजारो माणसे मेली आणि मराठवाड्याने माळवदाची धास्ती घेतली. जुनी व्यवस्था मोडली हे योग्यच झाले. आपली चूक अशी की दुरुस्तीची जी रीत तिच्याबरोबर मोडली, तिच्या जागी मोकळ्या, जातिनिरपेक्ष आणि योग्य मजुरीच्या श्रमाची नवी रीत आपण उभी केली नाही. ती जागा मोकळी राहिली आणि तेथे मुकादम बसला.

तेव्हा मागणी काय असावी? नुसते "दुरुस्ती करून द्या" म्हणून भागणार नाही. एक, घरकुलाच्या अंदाजपत्रकात छज्जा, बाहेर उताराची फरशी, काळ्या जमिनीसाठी पुरेसा खोल पाया व जोत्याभोवतीची फरसबंदी या बाबी स्वतंत्रपणे लिहिल्या जाव्यात आणि त्यांचा पैसा वेगळा मिळावा. दोन, पूर्ण झालेल्या प्रत्येक घरकुलाची पहिल्या पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी. हप्ता अडविण्यासाठी नव्हे, तर दोष नोंदून दुरुस्तीचे साहाय्य मंजूर करण्यासाठी. तीन, जुन्या घरकुलांसाठी ठरावीक वर्षांनी दुरुस्ती-अनुदान मिळावे, आणि ते चैत्र-वैशाखात, ऊसतोड कामगार गावात असताना हाती पडावे. चार, गावातल्याच गवंड्यांना व बिगारी बायांना शिक्षण देऊन ग्रामपंचायतीचे दुरुस्तीपथक उभे करावे आणि त्यांना कामाची पूर्ण मजुरी मिळावी.

पैसा कोठून येणार, हा प्रश्न येणारच. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झालेले आहे आणि साखर कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचा निर्णय शासनाने घेतलेला आहे. मजुराचे घर सहा महिने बंद राहते ते कारखान्याचा ऊस तोडण्यासाठी. त्या घराच्या झिजेचा वाटा कारखान्याने उचलावा, यात भीक मागण्यासारखे काहीही नाही. तो उत्पादनखर्चाचाच भाग आहे. आजवर तो मजुराच्या माथी मारला गेला, इतकेच.

परंतु निवेदन देऊन आपले काम संपत नाही. येत्या पावसाळ्यात प्रत्येक शाखेने आपल्या गावची एक वस्ती घ्यावी आणि पाऊस पडत असताना घरोघर जाऊन नोंद करावी. कोणत्या बाजूची खिडकी, चारांपैकी कोणती वाट, खिडकी बुजविली आहे का, पूर्वी दुरुस्ती केली असल्यास पैसा कोठून आणला, आणि तो उचलीतून आणला असल्यास किती. या शेवटच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. तो भरला गेला की मजुरीच्या दराच्या लढ्याला असे एक शस्त्र मिळेल, जे आजवर आपल्या हाती नव्हते. ही नोंद घेताना छत्री घेऊन बाहेर उभे राहू नये. आत जाऊन, जेथे पाणी पडते तेथे बसावे.

त्या वस्तीवरून निघताना ती बाई मला म्हणाली, "सर, तुमच्या सभंला आम्ही पुन्हा येणार न्हाई. लोकं हासत्यात." मी तिला उत्तर दिले नाही, कारण देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते उत्तर पुढच्या बैठकीने द्यावयाचे आहे. अकरावी मागणी मी स्वतः पुन्हा मांडणार आहे. ज्या साथीला हसू आले होते त्याला माझी विनंती एवढीच की त्याने त्याआधी एकदा त्या घरात जाऊन दुपारी बारा वाजता वर्तमानपत्र वाचून पाहावे.